वडिलांचा राजीनामा आणि मुलाची अठरा वर्षे : न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो

१/ १८७२ साली न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळाने तीन न्यायाधीशांची चौकशी आरंभली. त्यांपैकी जॉर्ज बर्नार्ड आणि जॉन मॅकन यांना पुढे रीतसर पदच्युत करण्यात आले. तिसऱ्या न्यायाधीशाने ती वेळ येऊ दिली नाही. त्याने आधीच राजीनामा देऊन टाकला. त्याचे नाव आल्बर्ट कार्डोझो. त्या वेळी त्याचा मुलगा बेंजामिन जेमतेम दोन वर्षांचा होता.

२/ हाच मुलगा पुढे त्याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात अठरा वर्षे बसला आणि त्याचा मुख्य न्यायमूर्ती झाला. मोटार कंपनी ग्राहकाला कितपत उत्तरदायी असते, रुग्णाच्या संमतीवाचून शस्त्रक्रिया करता येते का, भागीदाराने भागीदाराशी किती सचोटीने वागावे, या प्रश्नांवर त्याने लिहिलेली निकालपत्रे आज शंभर वर्षांनंतरही जगभरातील विधी महाविद्यालयांत वाचली जातात. हा धागा त्या अठरा वर्षांविषयी आहे.

३/ प्रथम वडिलांचे प्रकरण. १८६० च्या दशकात न्यूयॉर्क शहराचे राजकारण ‘टॅमनी हॉल’ या डेमोक्रॅटिक पक्षसंघटनेच्या मुठीत होते आणि टॅमनी हॉल विल्यम ट्वीड ऊर्फ ‘बॉस ट्वीड’ याच्या मुठीत. तेथे न्यायाधीश निवडून द्यावे लागत आणि निवडून यायचे तर टॅमनीची उमेदवारी हवी. एकदा खुर्ची मिळाली की परतफेड सुरू होई. दाव्यातील मालमत्तेवर रिसीव्हर नेमणे, तपासणीसाठी पंच नेमणे हे अधिकार न्यायाधीशाचे असत आणि अशा प्रत्येक नेमणुकीमागे घसघशीत मेहनताना असे. आल्बर्ट कार्डोझो यांनी अशा नेमणुका जवळच्या नातलगाला वारंवार दिल्या, रेल्वेसम्राट जे गूल्ड याच्या गटाला सोयीचे आदेश दिले, विशिष्ट वकिलांच्या अशिलांची तुरुंगातून सुटका केली, असे आरोप होते. शहरातील प्रतिष्ठित वकिलांनी १८७० साली स्वतःची संघटना स्थापन केली, तीही मुख्यतः या बजबजपुरीला विटून.

४/ राजीनाम्यानंतर आल्बर्ट यांची वकिलीची सनद गेली नाही. ते शहरातच वकिली करत राहिले आणि १८८५ साली वारले. पण ज्या समाजात हे कुटुंब वावरत होते तेथे असे डाग सहज पुसले जात नसत. कार्डोझो हे सेफार्दी ज्यू, म्हणजे मूळचे स्पेन-पोर्तुगालकडचे. त्यांचे पूर्वज अमेरिकन क्रांतीच्या आधीपासून त्या देशात होते. ‘शिअरिथ इस्रायल’ हे अमेरिकेतील सर्वांत जुने ज्यू प्रार्थनामंडळ, आणि त्यात या घराण्याला मान होता. स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यासाठी कविता लिहिणारी एमा लाझारस ही याच गोतावळ्यातील. अशा घरातील न्यायाधीश लाचलुचपतीच्या प्रकरणात पायउतार झाला होता.

५/ बेंजामिनचा जन्म २४ मे १८७० चा. एमिली ही त्याची जुळी बहीण. आई १८७९ साली गेली, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. त्यानंतर अकरा वर्षांनी मोठ्या असलेल्या नेली या बहिणीने त्याला वाढवले. बेंजामिनने लग्न केले नाही, नेलीनेही नाही. १९२९ साली तिचा मृत्यू होईपर्यंत दोघे एकाच घरात राहिले. भावंडांपैकी संसार थाटला तो एकट्या एमिलीने. मुलाचे प्राथमिक शिक्षण घरीच झाले आणि शिकवायला होते होरेशियो अल्जर! गरीब पण कष्टाळू मुलगा नशीब काढतो, अशा कथा लिहून अमेरिकेत घराघरांत पोहोचलेले हेच ते लेखक. त्यांचा हा विद्यार्थी पंधराव्या वर्षी कोलंबिया कॉलेजात दाखल झाला.

६/ येथे एक गमतीची गोष्ट. अमेरिकन न्यायशास्त्राचा हा दिग्गज कायद्याचा पदवीधर नव्हता. कोलंबियाच्या विधी महाविद्यालयात तो दोन वर्षे शिकला. तेवढ्यात महाविद्यालयाने अभ्यासक्रम तीन वर्षांचा केला. तिसरे वर्ष न करता त्याने परीक्षा देऊन १८९१ साली वकिलीची सनद मिळवली आणि वडिलांच्या जुन्या कचेरीत मोठ्या भावाबरोबर काम सुरू केले. पुढची बावीस वर्षे तो कोर्टात उभा राहिला तो मुख्यतः अपिलांत. इतर वकील आपली अवघड अपिले त्याच्याकडे सोपवत. १९०३ साली त्याने राज्याच्या अपील न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रावर एक रूक्ष पण उपयुक्त पुस्तकही लिहिले. ज्या न्यायालयात पुढे बसायचे होते त्याच्या दारांची आणि उंबरठ्यांची त्याने अशी आधीच मोजदाद करून ठेवली होती.

७/ पुढे जाण्याआधी नावांचा घोळ निस्तरला पाहिजे, कारण येथे नवखा वाचक हमखास फसतो. न्यूयॉर्क राज्यात ‘सुप्रीम कोर्ट’ हे सर्वोच्च न्यायालय नाही. ते दाव्यांची पहिली सुनावणी करणारे न्यायालय आहे. त्याच्यावर ‘अपिलेट डिव्हिजन’ आणि सर्वांत वर ‘कोर्ट ऑफ अपील्स’. हे शेवटचे न्यायालय राज्याच्या राजधानीत, ऑल्बनी येथे भरते. अमेरिकेत करार, निष्काळजीपणा, मालमत्ता, भागीदारी यांचा कायदा बहुतांशी राज्यांच्या हाती असतो. तेव्हा विसाव्या शतकाच्या आरंभी व्यापारउदिमाच्या बाबतीत ऑल्बनीच्या शब्दाला जे वजन होते, ते अनेकदा वॉशिंग्टनच्या शब्दालाही नव्हते.

८/ १९१३ साली न्यूयॉर्क शहरात टॅमनीविरोधी गटांनी एकजूट केली. जॉन पर्रॉय मिचेल महापौर झाला ती हीच निवडणूक. या आघाडीला न्यायाधीशपदासाठी एक ज्यू उमेदवार हवा होता आणि निवड झाली कार्डोझो यांची. ज्या संघटनेच्या आशीर्वादाने वडील न्यायाधीश झाले होते, तिच्याच उमेदवाराला हरवून मुलगा न्यायाधीश झाला, आणि तोही ज्या न्यायालयातून वडिलांना जावे लागले होते त्याच सुप्रीम कोर्टात. मताधिक्य अगदी थोडे होते.

९/ तेथे ते जेमतेम महिनाभर राहिले. ऑल्बनीच्या न्यायालयात प्रकरणे तुंबली होती आणि ती उपसण्यासाठी खालच्या न्यायालयातील न्यायाधीशांना तात्पुरते वर बोलावण्याची सोय होती. गव्हर्नर मार्टिन ग्लिन यांनी फेब्रुवारी १९१४ मध्ये कार्डोझो यांना बोलावले. कोर्ट ऑफ अपील्समध्ये बसणारे ते पहिले ज्यू. १९१७ मध्ये ते तेथे कायम झाले, आणि १९२६ च्या निवडणुकीत मुख्य न्यायमूर्तिपदासाठी दोन्ही पक्षांनी मिळून त्यांनाच उमेदवारी दिली.

१०/ ऑल्बनीतील पहिल्याच वसंतात त्यांच्याकडे मेरी श्लोएनडॉर्फ यांचे प्रकरण आले. १९०८ साली या बाई पोटाच्या दुखण्यासाठी न्यूयॉर्क हॉस्पिटलमध्ये दाखल झाल्या होत्या. डॉक्टरांना गाठ लागली. गुंगी देऊन तपासायला बाईंनी होकार दिला, पण शस्त्रक्रिया नको, असे स्पष्ट बजावले. त्यांच्या म्हणण्यानुसार, गुंगीत असतानाच गाठ काढली गेली. पुढे त्यांच्या डाव्या हाताला गँगरीन झाले आणि काही बोटे कापावी लागली.

११/ कार्डोझो यांनी या निकालपत्रात मांडलेले तत्त्व आज प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याला ठाऊक असते : सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या माणसाच्या शरीराचे काय करायचे हे त्यानेच ठरवायचे, आणि संमतीवाचून शस्त्र चालवणारा डॉक्टर त्याच्या देहावर आघात करतो. पण हे तत्त्व उद्धृत करणारे पुढची ओळ क्वचितच सांगतात. बाई दावा हरल्या. त्यांनी दावा लावला होता डॉक्टरांवर नव्हे, रुग्णालयावर. रुग्णालय धर्मादाय होते. तेथील शल्यचिकित्सक आपल्या जबाबदारीवर काम करतात, ते रुग्णालयाचे नोकर नव्हेत, म्हणून त्यांच्या कृत्याचा बोजा संस्थेवर नाही, असे न्यायालयाने ठरवले. तत्त्व उदार, निकाल कोरडा. कार्डोझो यांच्या कारकिर्दीत हे दृश्य पुन्हा दिसणार होते.

१२/ दोन वर्षांनी आले ते प्रकरण ज्याने त्यांचे नाव झाले. डोनाल्ड मॅकफर्सन हा न्यूयॉर्क राज्यातील एक पाथरवट, थडग्यांचे दगड घडवणारा. त्याने स्कनेक्टडी येथील विक्रेत्याकडून ब्यूइक मोटार घेतली. १९१० च्या जुलैमध्ये तो एका आजारी माणसाला घेऊन साराटोगा स्प्रिंग्ज येथील रुग्णालयाकडे निघाला असताना मागच्या चाकाचे लाकडी आरे मोडले, गाडी कोसळली आणि तो तिच्याखाली सापडून जखमी झाला. चाक ब्यूइकने बनवलेले नव्हते. ते दुसऱ्या कारखान्यातून विकत घेतले होते. पण नीट तपासले असते तर दोष लक्षात आला असता, असा पुरावा होता.

१३/ मग अडचण काय? १८४२ च्या इंग्लंडमधील विंटरबॉटम खटल्यापासून चालत आलेला नियम. टपालगाडी मोडून जखमी झालेल्या चालकाला त्यात भरपाई नाकारली गेली होती, कारण गाडी पुरवणाऱ्याचा करार टपाल खात्याशी होता, चालकाशी नव्हता. त्याच न्यायाने, मॅकफर्सनचा करार विक्रेत्याशी होता, ब्यूइकशी नव्हता. ब्यूइकने मोटार विक्रेत्याला विकली. पुढे तिच्यात कोण बसतो याच्याशी कंपनीला कर्तव्य नाही. घोडागाडीच्या काळात हा नियम कसाबसा खपून गेला असेल. पण आता कारखाना एका गावी, विक्रेता दुसऱ्या, ग्राहक तिसऱ्या. आणि त्या विक्रेत्याने मोटार स्वतः चालवण्यासाठी घेतलेली नाही, हे कंपनीला पक्के ठाऊक.

१४/ या नियमाला अपवाद होता, पण चिंचोळा. न्यूयॉर्कच्याच न्यायालयाने १८५२ साली म्हटले होते की विषासारख्या स्वभावतःच घातक वस्तूच्या बाबतीत निर्माता दूरच्या ग्राहकालाही जबाबदार असतो. त्या प्रकरणात बेलाडोना या विषारी वनस्पतीच्या अर्कावर भलत्याच निरुपद्रवी औषधाची चिठ्ठी लागली होती. आता मोटार म्हणजे विष आहे काय? नव्हे. मॅकफर्सनच्या विरुद्ध मत देणारे तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती विलर्ड बार्टलेट यांनी नेमका हाच मुद्दा धरला.

१५/ कार्डोझो यांनी जे केले त्यात त्यांची सगळी हातोटी दिसते. जुना नियम चुकीचा आहे, आम्ही तो मोडतो आहोत, असे त्यांनी म्हटले नाही. त्यांनी विषाचा खटला घेतला, मग त्यानंतरचे एकेक निकाल पुढे मांडले : कोठे रंगकाम करणाऱ्यांसाठी उभारलेली परांची कोसळलेली, कोठे कॉफीचे तापते भांडे फुटलेले. असे करत त्यांनी दाखवून दिले की न्यायालय विषावर कधीच थांबले नव्हते. निष्काळजीपणे बनवली तर जीवाला धोका होईल आणि खरेदीदाराखेरीज इतर लोक ती वापरतील, हे ज्या वस्तूबाबत दिसत असते, ती वस्तू धोक्याचीच. कर्तव्य करारातून उगवत नाही. ते धोका दिसत असण्यातून उगवते. वाचकाला वाटावे, हे तर पहिल्यापासून असेच होते. प्रत्यक्षात १४ मार्च १९१६ रोजी जुनी भिंत पडली होती आणि पडल्याचा आवाजही झाला नव्हता.

१६/ याला चातुर्य म्हणावे की लबाडी? टीकाकारांनी दोन्ही म्हटले आहे. कार्डोझो यांच्या बाजूने एवढे सांगता येते की त्यांनी दिलेले दाखले खोटे नव्हते. जुने निकाल खरोखरच त्या दिशेने सरकत होते. दिशा त्यांनी शोधली, पण टप्पा त्यांनी गाठला. १९३२ साली ब्रिटिश उमरावसभेने बाटलीतल्या गोगलगायीच्या सुप्रसिद्ध डोनॉह्यू खटल्यात ग्राहकाच्या बाजूने कौल दिला, तेव्हा लॉर्ड ॲटकिन यांनी या अमेरिकन निकालपत्राचा आधार घेतला. भारतात शिकवला जाणारा निष्काळजीपणाचा कायदा याच डोनॉह्यूवरून सुरू होतो. म्हणजे त्या पाथरवटाचे मोडके चाक पुणे-मुंबईच्या विधी महाविद्यालयांपर्यंतही घरंगळत आले आहे.

१७/ त्या न्यायालयातील एक रीत येथे ध्यानात घ्यावी. निकालपत्र कोणी लिहायचे हे पाळीने ठरे. मॅकफर्सन प्रकरण कार्डोझो यांनी मागून घेतलेले नव्हते. ते त्यांच्या वाट्याला आले. पुढच्या वर्षी त्यांच्या वाट्याला टायटॅनिकमधून बचावलेल्या फॅशनसम्राज्ञी लेडी डफ-गॉर्डन यांचे प्रकरण आले. आपले नाव वापरण्याचे सर्वाधिकार एका प्रतिनिधीला देऊन त्यांनी परस्पर दुसरीकडेही नाव विकले होते. करारात प्रतिनिधीने काही करण्याचे वचन कोठेच लिहिलेले नाही, म्हणून करार पोकळ, हा त्यांचा बचाव. कार्डोझो यांनी म्हटले, शब्दांत नसेल, पण साऱ्या कराराच्या पोटात ते वचन आहे.

१८/ १९२१ हे त्यांच्या ऐन बहराचे वर्ष. त्या वर्षीच्या हाइन्स प्रकरणाची हकीकत अशी. ८ जुलै १९१६. हार्लेम नदीत पोहणारा सोळा वर्षांचा हार्वे हाइन्स. काठावर रेल्वेची जमीन आणि त्या जमिनीत एक फळी रोवलेली. तिचे टोक नदीवर बाहेर आलेले. मुले कित्येक वर्षे त्या फळीवरून सूर मारत होती. हार्वे फळीच्या टोकाशी उभा असताना रेल्वेच्या खांबावरून उच्च दाबाच्या तारा तुटून त्याच्यावर पडल्या. मुलगा पाण्यात फेकला गेला आणि मेला. आईने दावा लावला.

१९/ खालची न्यायालये म्हणाली : फळी जमिनीला जोडलेली, जमीन रेल्वेची, म्हणून मुलगा घुसखोर, आणि घुसखोराशी काळजीने वागण्याचे कर्तव्य रेल्वेवर नाही. तोच मुलगा त्याच जागी, फळीच्या दोन हात खाली, पाण्यात असता तर तो सार्वजनिक नदीत पोहणारा नागरिक ठरला असता. कार्डोझो यांनी याच विसंगतीवर बोट ठेवले. खाली पाण्यात हक्क आणि वर लाकडावर हक्क नाही, असा फरक करणे म्हणजे व्याख्येला शेवटच्या टोकापर्यंत ताणून न्यायाचा विसर पाडणे होय, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. चार विरुद्ध तीन मतांनी आई जिंकली.

२०/ त्याच वर्षी त्यांनी येल विद्यापीठात व्याख्याने दिली आणि ती ‘द नेचर ऑफ द ज्युडिशियल प्रोसेस’ या नावाने प्रसिद्ध झाली. न्यायाधीश नेमका निर्णय कसा करतो, हा त्यांचा विषय. तोवर पदावर असलेल्या न्यायाधीशाने हे असे उघडपणे सांगण्याची पद्धत नव्हती. न्यायाधीश कायदा ‘शोधतो’, करत नाही, ही अधिकृत समजूत. कार्डोझो यांनी कबूल केले की बहुसंख्य प्रकरणांत उत्तर ठरलेलेच असते, पण थोड्या प्रकरणांत न्यायाधीश कायदा घडवतो. तर्क, इतिहास, रूढी आणि समाजाचे हित ही त्याची साधने, आणि कोणत्या वेळी कोणते साधन उचलायचे हे त्यालाच ठरवावे लागते. आरंभीच्या वर्षांत निश्चिततेचा शोध घेताना आपण किती अस्वस्थ होतो, हेही त्यांनी सांगितले. मॅकफर्सन निकालपत्रात झाकलेले येलमध्ये त्यांनी उघडे केले, असे म्हणण्यास हरकत नाही.

२१/ मात्र याच माणसाने १९२८ साली पाल्सग्राफ प्रकरणाचा निकाल लिहिला. २४ ऑगस्ट १९२४. हेलन पाल्सग्राफ ही चाळिशी ओलांडलेली, इमारतीत साफसफाईचे काम करून पोट भरणारी बाई आपल्या दोन मुलींना घेऊन समुद्रकिनारी निघाली होती. ब्रुकलिनमधील ईस्ट न्यूयॉर्क स्थानकावर ती फलाटावर उभी होती. एक माणूस सुटत्या गाडीत चढू पाहत होता. एका रेल्वे कर्मचाऱ्याने त्याला आतून ओढले, दुसऱ्याने मागून रेटा दिला. त्या धक्काबुक्कीत त्याच्या काखेतले वर्तमानपत्रात गुंडाळलेले पुडके रुळांवर पडले. आत फटाके होते. स्फोट झाला आणि फलाटाच्या दुसऱ्या भागातला वजनकाटा बाईंच्या अंगावर कोसळला.

२२/ ज्युरीने ६,००० डॉलर दिले. वरच्या न्यायालयाने ते कायम केले. ऑल्बनीत चार विरुद्ध तीन मतांनी ते गेले. बहुमताचे निकालपत्र मुख्य न्यायमूर्ती कार्डोझो यांचे. पुडके धरणाऱ्या माणसाच्या बाबतीत कर्मचारी कदाचित निष्काळजी असतील; पण दूर उभ्या असलेल्या बाईंना धोका होईल असे त्या पुडक्याकडे पाहून कोणालाही वाटले नसते. निष्काळजीपणा हवेत तरंगत नसतो. तो कोणाच्या तरी संबंधात असतो, आणि बाई त्या संबंधाबाहेर होत्या. विल्यम अँड्रूज यांनी अल्पमताचे निकालपत्र लिहून म्हटले की धोकादायक कृत्य टाळण्याचे कर्तव्य साऱ्या समाजाप्रती असते. जबाबदारी कोठे थांबवायची हा तर्काचा नव्हे, व्यवहारी शहाणपणाचा प्रश्न आहे.

२३/ बारकाईने पाहिले तर यात मॅकफर्सनशी विसंगती नाही. तेथेही कर्तव्याचे मूळ ‘धोका दिसणे’ हेच होते, येथेही तेच. ज्या दोरीने ब्यूइकला बांधले त्याच दोरीने पाल्सग्राफ बाईंना कुंपणाबाहेर ठेवले. तर्क निर्दोष आहे. तरीही हे निकालपत्र वाचताना काहीतरी खटकते, आणि ते काय हे जॉन नूनन या अभ्यासकाने १९७६ साली नेमके दाखवले : त्यात माणूसच नाही. बाई काय काम करत होत्या, बरोबर मुली होत्या, दुखापत काय झाली (त्यांना तोतरेपणा जडला होता), याचा शब्दही नाही. उलट, बलाढ्य रेल्वेचा खटल्याचा खर्चही त्यांच्यावरच लादला गेला. हाइन्सच्या फळीवर उभ्या मुलाला पाहणारी नजर सात वर्षांनी फलाटावरच्या बाईंपाशी ठरली नाही.

२४/ त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी, ३१ डिसेंबर १९२८ रोजी, मात्र वेगळेच कार्डोझो भेटतात. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यू आणि बेचाळिसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावरील ब्रिस्टल हॉटेल वॉल्टर सामन याने १९०२ साली वीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतले होते. अर्धा पैसा मॉर्टन माइनहार्ड याचा, कारभार सामनचा. मुदत संपता संपता जमीनमालकाने सामनपुढे आणखी मोठ्या जागेचा नवा पट्टा ठेवला. सामनने तो गुपचूप स्वतःच्या कंपनीच्या नावे करून घेतला. व्यापारात याला हुशारी म्हणतात. जुना भागीदारीचा व्यवहार संपतच आला होता आणि नवा व्यवहार वेगळा होता, हे अँड्रूज यांचे म्हणणे आजही अनेकांना पटते.

२५/ कार्डोझो यांना ते पटले नाही. भागीदार एकमेकांचे विश्वस्त असतात. बाजारात जेवढी सचोटी चालते तेवढी येथे पुरत नाही. येथे सन्मानाची सर्वांत हळवी, सर्वांत काटेकोर कसोटी लागते, आणि ती जराही सैल करायला न्यायालयांनी ठाम नकार दिला पाहिजे, असा त्यांच्या निकालाचा गाभा होता. सामनने फसवणूक केली असेही ते म्हणत नाहीत. त्याने सांगायला हवे होते आणि सांगितले नाही, एवढेच पुरे.

२६/ हे वाचताना आल्बर्ट कार्डोझो आठवल्यावाचून राहत नाहीत. विश्वासाने हाती आलेले अधिकार स्वतःच्या लाभासाठी वापरणे, हीच तर १८७२ ची तक्रार. बहुतेक चरित्रकारांनी हा धागा जोडला आहे. तो मोहक आहे, म्हणूनच जपून धरायला हवा. सचोटीवर भर देणारे, पण ज्यांचे वडील निष्कलंक होते असेही न्यायाधीश पुष्कळ झाले. शिवाय वडिलांच्या कलंकाने या एका निकालाचा उलगडा होत असेल, तर पाल्सग्राफचा कसा होणार? आणि १९२६ च्या डेफोर प्रकरणाचा? तेथे पोलिसांनी वॉरंटवाचून बेकायदा झडती घेऊन मिळवलेला पुरावा कार्डोझो यांनी ग्राह्य धरला. शिपायाच्या चुकीमुळे गुन्हेगार सुटावा हे त्यांना मान्य नव्हते. ती भूमिका १९६१ साली वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने साऱ्या देशासाठी फिरवली.

२७/ खात्रीने एवढेच म्हणता येते की हा माणूस आयुष्यभर स्वतःभोवती आखलेल्या रेषेच्या आत राहिला. राजकारणापासून दूर, दिनक्रम ठरलेला, सहकाऱ्यांशी कमालीचा मृदू. घरी नेली, ऑल्बनीत काम. कायद्यातही तो कुंपणे पाडणारा नव्हता. कुंपण कोठे असावे हे पुन्हा मोजणारा होता. १९३१ च्या अल्ट्रामेअर्स प्रकरणात हिशेब तपासनिसांच्या चुकीमुळे तिसऱ्याच सावकाराचे पैसे बुडाले, तेव्हा मॅकफर्सनचाच विचार पुढे नेऊन त्यांना जबाबदार धरा, अशी मागणी झाली. मॅकफर्सन लिहिणाऱ्याने नकार दिला. मोडक्या चाकाने होणारी इजा कोठेतरी थांबते. एका चुकीच्या ताळेबंदावर विसंबून किती जण किती पैसे लावतील याला अंत नाही, असा त्यांचा हिशेब.

२८/ जानेवारी १९३२ मध्ये ऑलिव्हर वेंडेल होम्स निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कार्डोझोच हवेत अशी मागणी देशभरातून झाली. राष्ट्राध्यक्ष हूव्हर कचरत होते : न्यायालयात न्यूयॉर्कचे दोन जण आधीच होते आणि लुई ब्रँडाइस हे एक ज्यूही. शेवटी नाव गेले आणि सिनेटने एकमताने मान्य केले. कार्डोझो तेथे सहा वर्षे बसले. जेम्स मॅकरेनॉल्ड्ससारख्या उघड ज्यूद्वेष्ट्या सहकाऱ्याशेजारी ती वर्षे सुखाची गेली नसावीत. ९ जुलै १९३८ रोजी पोर्ट चेस्टर येथे, ऑल्बनीतील जुने सहकारी आयर्विंग लेहमन यांच्या घरी त्यांचा मृत्यू झाला.

२९/ आता त्या पहिल्या निकालाकडे. २००८ च्या जानेवारीत भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे असाच प्रश्न आला : तपासणीपुरती संमती दिलेल्या रुग्ण स्त्रीवर, ती गुंगीत असताना, मोठी शस्त्रक्रिया झाली होती. संमतीच्या तत्त्वाचे मूळ सांगताना न्यायालयाने १९१४ च्या श्लोएनडॉर्फ निकालातील कार्डोझो यांचे तेच सुप्रसिद्ध वाक्य उद्धृत केले, आणि रुग्णाला भरपाई दिली.

३०/ त्याच निकालातला दुसरा भाग, ज्यामुळे मेरी श्लोएनडॉर्फ हरल्या होत्या तो, म्हणजे धर्मादाय रुग्णालय आपल्या डॉक्टरांच्या चुकीला जबाबदार नाही हा नियम, न्यूयॉर्कच्या कोर्ट ऑफ अपील्सने १९५७ साली मोडीत काढला.